डायच्या बाटलीतले टँटलम: धातू सापडला, थराने घाम काढला

कॉन्ट्रास्ट सीटीच्या टेबलावर माणसाच्या शिरेत अर्ध्या मिनिटाच्या आत साधारण ३५ ग्रॅम आयोडीन जाते. १०० मि.लि. द्रव, दर मि.लि.मध्ये ३५० मिलिग्रॅम आयोडीन, प्रेशर इंजेक्टरचा वेग सेकंदाला ४ मि.लि., असा हा हिशेब. पॅरासिटामॉलची नेहमीची गोळी ५०० मिलिग्रॅमची. म्हणजे वजनाने सत्तर गोळ्या, त्याही थेट रक्तात, आणि शरीरावर त्यांचा काहीही परिणाम होऊ नये अशी अपेक्षा. टेक्निशियन ज्याला डाय म्हणतात तो हाच. त्याने बरे करायचे नसते. चित्रात उठून दिसायचे आणि चोवीस तासांत लघवीवाटे बाहेर पडायचे, एवढेच त्याचे काम.

हे ३५ ग्रॅम लक्षात ठेवले की पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप समजतात. धातूच्या नॅनोकणांवरचे लेख बहुधा उंदराच्या शरीरात झगझगणारी गाठ दाखवतात आणि तिथेच थांबतात. जड धातू क्ष-किरण अडवतो हे शंभर वर्षे माहीत आहे, त्यात सिद्ध करण्यासारखे फारसे उरलेले नाही. खरे काम सुरू होते ते चित्र काढून झाल्यावर, तो धातू शरीराबाहेर काढताना.

इथे घेतलेले प्रकरण टँटलम ऑक्साइडचे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या निस्कायुना इथे जनरल इलेक्ट्रिकची संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथल्या पीटर बोनिटाटिबस, अँड्रू टोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वरून दुसऱ्या रसायनाचा थर दिलेल्या टँटलम ऑक्साइड कणांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि पुढची काही वर्षे हा विषय लावून धरला. कंपनीला त्यात रस असणे साहजिकच होते. सीटीची यंत्रे ती विकत होतीच, आणि २००४ मध्ये अमरशॅम ही कंपनी घेतल्यापासून ओम्निपेक हा आयोडीनचा डायही तिच्याच पदरात आला होता. शिवाय घराण्याचा वारसा होता. विल्यम कूलिजने टंगस्टनची क्ष-किरण नळी बनवली ती १९१३ मध्ये, याच कंपनीच्या शेजारच्या स्केनेक्टडीतल्या प्रयोगशाळेत. आवर्तसारणीत टंगस्टन ७४व्या क्रमांकावर आणि टँटलम ७३व्या. किरण सोडणारा धातू आणि किरण अडवायला निवडलेला धातू एकमेकांचे शेजारी निघाले.

आयोडीनचे अडते कुठे

आयोडीनचा अणुक्रमांक ५३. त्याच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उखडायला ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. एवढ्या ऊर्जेच्या किरणांपाशी आयोडीनची शोषणक्षमता एकदम उडी मारते आणि तिथून पुढे ऊर्जा वाढेल तशी उतरत जाते. १२० केव्हीवर, म्हणजे क्ष-किरण नळीला १२० किलोव्होल्ट देऊन, चालणाऱ्या सीटीच्या झोतात मात्र ६० ते ७० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे किरण भरपूर असतात. बारीक अंगकाठीच्या माणसाला याने फरक पडत नाही. पण पोटाचा घेर मोठा असेल तर कमी ऊर्जेचे किरण वाटेतच चरबीत आणि स्नायूंत जिरतात; डिटेक्टरपर्यंत पोचतात ते जास्त ऊर्जेचे, म्हणजे ज्यांच्यापुढे आयोडीन कमजोर पडते नेमके तेच.

टँटलमची ती उडी ६७.४ला येते. परिणामी ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांना एक ग्रॅम टँटलम एक ग्रॅम आयोडीनच्या दुपटीहून थोडे अधिक अडवते. याची दुसरी बाजू फार कमी ठिकाणी सांगितलेली आढळते. ५० ते ६०च्या पट्ट्यात पारडे उलटते, तिथे आयोडीन टँटलमच्या जवळपास दुप्पट किरण अडवते. तेव्हा टँटलम सरसकट चांगले, असे म्हणता येत नाही. ते जाड माणसासाठी आणि जास्त केव्हीसाठी चांगले आहे. हा मुद्दा पुढे बाजाराच्या हिशेबात पुन्हा येईल.

मग टँटलमच का? सोन्याचा प्रयोग आधी होऊन गेला होता. जेम्स हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १.९ नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सोन्याचे कण उंदरांना टोचून गाठीभोवतालच्या रक्तवाहिन्या सुरेख दाखवल्या. मात्रा होती उंदराच्या दर किलो वजनामागे २.७ ग्रॅम सोने. हेच प्रमाण ६० किलोच्या माणसाला लावा: १६२ ग्रॅम. सराफाच्या दहा ग्रॅमी तोळ्याने सोळा तोळ्यांच्या वर! एका स्कॅनला. माणसाला इतकी मात्रा लागणार नाही हे खरे, तरी चतुर्थांशालासुद्धा घरात लग्न उभे राहील. त्याच वर्षी बोस्टनमध्ये बिस्मथ सल्फाइडच्या कणांवर पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा थर देऊन काम झाले. बिस्मथ स्वस्त आणि जड. ते कण रक्तात तासन् तास फिरत राहिले, आणि प्रयोग म्हणून ते कौतुकाचे होते. रोजच्या डायला मात्र हा गुण उपयोगाचा नाही, कारण त्याला लवकर निघायचे असते.

टँटलमची शरीराशी ओळख जुनी आहे. शस्त्रक्रियेत त्याची जाळी, खुणेचे मणी, रोपणे वापरात आहेत. डॉ. जे नेडेल आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये टँटलमची बारीक पूड माणसाच्या श्वासनलिकांत फुंकून त्यांची क्ष-किरण चित्रे घेतल्याचे प्रसिद्ध केले होते. टँटलमचे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, शरीरातल्या आम्लांना दाद देत नाही, विषारी आयन सोडत नाही. किंमतही सोन्यापुढे नगण्य. धातूची निवड इथे संपते. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत सोपा भाग होता.

थोरोट्रास्टची सावली

धातूच्या ऑक्साइडचे, थर दिलेले, नॅनोमीटर मापाचे कण माणसाच्या शिरेत सोडण्याचा उद्योग २०१० मध्ये नवा नव्हता. तो ऐंशी वर्षांपूर्वी होऊन गेला होता आणि अंगाशी आला होता. थोरियम डायऑक्साइडचा तो कलिल (द्रवात तरंगत राहणारे बारीक कण) थोरोट्रास्ट नावाने विकला जाई. लिस्बनचा मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनिझ याने १९३१ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रणात तो वापरायला घेतला. थोरियमचा अणुक्रमांक ९०, चित्रे अप्रतिम येत. टोचताना दुखत नसे, ॲलर्जीचा त्रास नसे. त्या काळच्या आयोडीनच्या क्षारांपुढे रुग्णाला हे सुखच होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९३२ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला, तरी वापर १९५०च्या दशकापर्यंत चालू राहिला.

ते कण कधी बाहेर पडलेच नाहीत. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांतल्या भक्षक पेशींनी ते गिळले आणि तसेच धरून ठेवले. थोरियम-२३२चा अर्धायुकाल सुमारे १४०० कोटी वर्षे. अल्फा कणांचा मारा रुग्णाच्या उरलेल्या आयुष्यभर आतून चालू राहिला. वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी यकृताचे कर्करोग उघडकीला येऊ लागले. त्यांतला रक्तवाहिन्यांचा अँजिओसार्कोमा हा प्रकार एरवी अगदी दुर्मीळ. जर्मनी, डेन्मार्क, जपान, पोर्तुगाल या देशांनी अशा रुग्णांचा दशकानुदशके पाठपुरावा केला.

हा सगळा दोष किरणोत्साराच्या नावे लिहून मोकळे होण्याची प्रथा आहे. ते अर्धे खरे आहे. थोरोट्रास्टच्या कणांना डेक्स्ट्रिनचा थर होता, आणि त्या थराने आपले काम चोख केले होते: बाटलीत कण खाली बसू दिले नाहीत. पण रक्तात गेल्यावर काय व्हावे याचा विचार त्या थरात नव्हता. कण किरणोत्सारी नसते तरी ते यकृतातच अडकले असते. टँटलम किरणोत्सारी नाही, या एका वाक्याने म्हणूनच कोणाचे समाधान होण्यासारखे नव्हते.

थराचा हिशेब

लवकर बाहेर पडण्याचा मार्ग एकच, मूत्रपिंड. तिथली गाळणी किती मापाचे कण सोडते याचे नेमके उत्तर २००७ मध्ये मिळाले. हाक सू चोई आणि जॉन फ्रँजिओनी यांच्या बोस्टनमधल्या गटाने वेगवेगळ्या मापांचे क्वांटम डॉट, म्हणजे चमकणारे अर्धवाहकाचे नॅनोकण, उंदरांना टोचले. थरासकट, पाण्यात मोजलेला व्यास ५.५ नॅनोमीटरच्या आत असेल तर कण झपाट्याने लघवीत उतरतात, त्यापुढे अडतात, असे त्यांना दिसले. रक्तातली प्रथिने ज्याला चिकटतात तो कण मुळात कितीही लहान असो, चिकटल्यावर मोठा होतो, हेही त्याच कामात स्पष्ट झाले.

आता हातात कागद-पेन घेऊन बघा. थराच्या आतला टँटलम ऑक्साइडचा गाभा ३ नॅनोमीटरचा धरू. त्यात टँटलमचे सुमारे तीनशे अणू बसतात. ओम्निपेकच्या एका रेणूत आयोडीनचे अणू असतात तीन. द्रवाचा परासरण दाब, म्हणजे आजूबाजूचे पाणी ओढून घेण्याची त्याची ताकद, ठरतो विरघळलेल्या रेणूंच्या किंवा कणांच्या संख्येवर. तेवढाच जड अणूंचा साठा शंभरपट कमी कणांत मावला, तर तो दाब घसरणारच. रक्ताचा आकडा २९० मिलिऑस्मोल, ओम्निपेक ३५०चा ८४४. डाय आत गेल्यावर अंगातून जी गरम लाट जाते तिच्यामागे हा फरक बराचसा असतो. कागदावर तरी टँटलमने ही बाजी मारली.

पण याच कागदावर पुढची ओळ त्रासाची आहे. ३ नॅनोमीटरच्या गाभ्यावर सर्व बाजूंनी १ नॅनोमीटरचा थर चढवला की व्यास होतो ५, आणि आकारमान साडेचारपट. थर २ नॅनोमीटरचा केला तर व्यास ७ आणि आकारमान साडेबारापटीहून जास्त. दर मि.लि.मध्ये २४० मिलिग्रॅम टँटलम हवे असेल, तर नुसते गाभे द्रवाचा साडेतीन टक्के भाग व्यापतात. पातळ थरासह १६ टक्के. जाड थरासह ४५ टक्के, आणि तिथे द्रव काकवीसारखा होतो. तो २० नंबरच्या कॅन्युलातून सेकंदाला ४ मि.लि. वेगाने ढकलणे विसराच. आयोडीनचा डायसुद्धा टोचण्याआधी वॉर्मरमध्ये ३७ अंशांवर ठेवतात, कारण २० अंशांना २०.४ सेंटिपॉइज असणारी ओम्निपेक ३५०ची दाटी ३७ला १०.४वर येते.

नॅनोकणांना पॉलिइथिलिन ग्लायकॉलचे लांब धागे लावायचे, हा या क्षेत्रातला ठरलेला उपाय आहे. सोलच्या तेघ्वान ह्यन यांच्या गटाने २०११ मध्ये टँटलम ऑक्साइडच्या कणांना तसाच थर दिला आणि लसिकाग्रंथी शोधायला तो छान उपयोगी पडला. तिथे मात्रा लहान असते. ३५ ग्रॅमच्या घरात गेलो की त्या लांब धाग्यांची चैन परवडत नाही. थर आखूड हवा, आणि आखूड असूनही प्रथिनांना दूर ठेवणारा हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

निस्कायुनाच्या रसायनतज्ज्ञांनी पहिला थर निवडला तो फॉस्फेट गट असलेल्या सिलेनचा, म्हणजे सिलिकॉनच्या एका संयुगाचा. कृती ऐकायला साधी आहे. टँटलम इथॉक्साइड अल्कोहोलमध्ये घ्यायचे, सोबत कणांची वाढ रोखणारे एक लहान सेंद्रिय आम्ल, मग मोजून पाणी. ऑक्साइडचे बारीक कण तयार होतात, पण ते एकमेकांना चिकटण्याच्या आत सिलेन घालायचे. सिलेनचे एक टोक कणाच्या पृष्ठभागाशी पक्के बंध करते, दुसरे पाण्याकडे तोंड करून राहते. शेवटी पडद्यांतून गाळून न चिकटलेले सिलेन धुऊन काढायचे. कण सहा नॅनोमीटरच्या आतले मिळाले, पाण्यात राहिले, उंदरांच्या रक्तवाहिन्या सीटीत स्वच्छ उमटल्या.

आणि मग मूत्रपिंडांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली गेले. काही टँटलम तिथेच राहिले होते आणि जास्त मात्रेला नलिकांमध्ये बदल दिसत होते. मोठे कण वगळून लहानच ठेवले तर काय होते तेही त्यांनी तपासले. उरणारे टँटलम कमी झाले. दुखणे मात्र नुसत्या मापाचे नव्हते.

मूत्रपिंडाला गाळणी म्हणून सोडून देणे इथे महागात पडते. गाळण हा त्याच्या कामाचा पहिला टप्पा. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड लिटर. मधले सगळे पाणी नलिका परत खेचून घेतात. म्हणजे गाळणीतून सुटलेला कण सुटला असे नाही. तो ज्या द्रवात आहे तो पुढे पुढे आटत जातो. टोचताना पाण्यासारखा वाटलेला डाय नलिकेत घट्ट होऊ शकतो. गंमत अशी की परासरण दाब कमी असणे, जे आधी गुण म्हणून मोजले, तेच इथे अडचण करू शकते: दाब जास्त असता तर त्याने आपल्यासोबत पाणी धरून ठेवले असते आणि लघवी पातळ राहिली असती. रक्ताइतकाच परासरण दाब असलेल्या पण दाट अशा आयोडीनच्या डायबद्दल मूत्रपिंडतज्ज्ञांत हीच चर्चा कित्येक वर्षे चालू आहे.

दुसरा थर आला तो झ्विटरआयनी. कार्बोक्सिबीटेन नावाचा गट. एकाच रेणूवर एक धन भार, एक ऋण भार, बेरीज शून्य. बीटात सापडणाऱ्या बीटेनचा हा भाऊ. निव्वळ ऋण किंवा धन भाराचा थर असेल तर तो तोलायला सोडियम किंवा क्लोराइडसारखे सुटे आयन द्रवात बाळगावे लागतात आणि परासरण दाब पुन्हा चढतो. इथे भार आपापसांतच फिटतो. त्या दोन भारांभोवती पाणी इतके घट्ट बसते की प्रथिनांना शिरकाव मिळत नाही, आणि त्यासाठी लांब धागा लागत नाही. आखूड आणि तरी अनोळखी राहणारा थर तो हा. क्वांटम डॉटवर सिस्टीन या अमिनो आम्लाचा असाच दुहेरी भाराचा थर चालला होता, त्यामुळे वाट अगदीच अंधारी नव्हती.

२०१२ मध्ये या कणांचे उंदीरवर्गीय प्राण्यांमधले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाला लागेल अशा अपेक्षित मात्रेच्या सुमारे तिपटीपर्यंत ते देऊन पाहिले गेले. शरीरात राहणारे टँटलम कमी झाले होते आणि जुन्या थराने मूत्रपिंडात जे बदल केले ते या थराने केले नाहीत. गाभा तोच, धातू तोच. बदलला होता एक नॅनोमीटरच्या आसपासचा थर.

डुक्कर, गुंडाळी आणि बाजार

पुढचे काम सॅन फ्रान्सिस्कोत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रेडिओलॉजी विभागात बेंजामिन येह यांच्या गटासोबत झाले. २०१८च्या अभ्यासात डुकरांना टँटलमचा हा डाय आणि नेहमीचा आयोडीनचा डाय देऊन स्कॅन केले. त्यांची युक्ती मला फार आवडते: डुकरांभोवती चरबीसारख्या पदार्थाची गुंडाळी करून जाड आणि अतिजाड माणसाचा घेर उभा केला. तेच जनावर, तीच रक्तवाहिनी, फक्त वाटेतली चरबी जास्त. टँटलमच्या रक्तवाहिन्या आयोडीनपेक्षा उजळ दिसल्या आणि गुंडाळी वाढवल्यावरही ती सरशी टिकली. भौतिकशास्त्राने सांगितले होते तसेच घडले.

इतके होऊनही आयोडीनच्या जागी शिरेतून देण्यासाठी टँटलमच्या कणांना मान्यता मिळालेली नाही. कारणे प्रयोगशाळेतली कमी आणि बाहेरची जास्त आहेत. दरम्यान सीटीची यंत्रे सुधारली. बारीक रुग्णाला ८० किंवा १०० केव्हीवर स्कॅन करायची पद्धत रुळली, आणि तिथे वर सांगितल्याप्रमाणे आयोडीन सरस ठरते. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावातल्या सीटी सेंटरमध्ये टेबलावर येणारे कितीतरी रुग्ण याच गटात मोडतात. त्यांच्यासाठी टँटलमचा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही. आयोडीनचा डाय स्वस्त आहे, त्याचे दोष डॉक्टरांना पाठ आहेत. २०२२ मध्ये शांघायच्या टाळेबंदीत तिथला कारखाना बंद पडून जगभर ओम्निपेकची टंचाई झाली तेव्हा रुग्णालयांनी स्कॅन पुढे ढकलले, बाटल्या पुरवून वापरल्या. पुरवठा सुरू झाल्यावर सगळे पूर्ववत झाले.

धातूच्या कणांना नियामकांचा सरसकट विरोध आहे, असेही नाही. हाफ्नियम ऑक्साइडच्या थर दिलेल्या कणांना युरोपात २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ते थेट गाठीत टोचतात आणि किरणोपचाराचा मारा वाढवायला वापरतात. कण सुमारे ५० नॅनोमीटरचे, म्हणजे लघवीतून जाण्याचा प्रश्नच नाही. ते गाठीतच राहावेत हीच अपेक्षा, रुग्णाला जिवावरचा कर्करोग, मात्रा लहान. पोटदुखी म्हणून स्कॅनला आलेल्या माणसाला हे गणित लावता येत नाही. त्याला दिलेल्या ३५ ग्रॅमपैकी एक टक्का जरी मागे राहिला तरी तो ३५० मिलिग्रॅम धातू होतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन लागला तर त्यात भर.

आशेची जागा आहे ती फोटॉन मोजणाऱ्या सीटीत. तसे पहिले यंत्र, सीमेन्सचे, अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाले. येणाऱ्या प्रत्येक फोटॉनची, म्हणजे क्ष-किरणाच्या एकेका कणाची, ऊर्जा ते वेगळी ओळखते, त्यामुळे ६७.४ची टँटलमची उडी आणि कॅल्शियम किंवा आयोडीन यांची चित्रे एकाच स्कॅनमध्ये वेगळी काढण्याची शक्यता तयार होते. आयोडीनची ३३.२ची उडी माणसाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या झोतात इतकी खाली आहे की तिथे मोजायला फोटॉनच थोडे उरतात. तिथे टँटलमला प्रतिस्पर्धी उरत नाही असे नाही, सोने आणि बिस्मथ आहेतच. पण सोन्याचे तोळे आणि ५.५ नॅनोमीटरची अट या दोन्हीतून सुटलेला थर ज्याच्याकडे आहे, त्याची बाजू जड आहे.

अडलेला रुग्ण मात्र वेगळाच. ज्याचे क्रिएटिनिन वाढलेले आहे, म्हणजे मूत्रपिंड कमजोर आहे, ज्याला आयोडीन देताना डॉक्टर दोनदा विचार करतात, त्याला नव्या डायची गरज सर्वांत जास्त. आणि मूत्रपिंडावर अवलंबून असलेला कण त्याच्याच शरीरात सर्वांत जास्त रेंगाळणार. आयोडीनचा रेणू लहान असतो, डायलिसिसच्या पडद्यातून तो निघतो. ३ नॅनोमीटरच्या नुसत्या गाभ्याचे वजनच सत्तर हजार डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचे माप) घरात जाते, म्हणजे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या आसपास, आणि अल्ब्युमिन अडवायलाच तो पडदा बनवलेला असतो. निरोगी मूत्रपिंडाच्या जनावरात मिळालेला कोणताही आकडा या रुग्णाला लागू करता येणार नाही. त्याच्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतील, आणि त्या आधी कराव्या लागतील.